स्वतःच पाणी पिणारी स्ट्रॉबेरी

आई,

तुझ्या घरात, ओटीवरून आत आल्यावर उजव्या हाताच्या ज्या कोपऱ्यात तू सोललेले नारळ रचून ठेवायचीस, त्या कोपऱ्यात सध्या एक पांढरी पेटी आहे आणि त्या पेटीत स्ट्रॉबेरी लावलेली आहे. हे वाक्य मी पुन्हा वाचून पाहिले. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. त्यातली गोष्ट मात्र मला अजूनही मान्य नाही. स्ट्रॉबेरी तू हयातीत कधी पाहिली नाहीस. घाटमाथ्यावरच्या थंडीत येणारे ते एक लाल फळ आहे, बोरापेक्षा थोडे मोठे, आणि बिया पोटात ठेवायच्या सोडून अंगावर मिरवणारे. ते या खाऱ्या वाऱ्याच्या गावात, चार भिंतींच्या आत, विजेच्या दिव्याखाली वाढवायचे, असे ठरले आहे. पेटीच्या पोटात पाण्याची टाकी आहे. टाकीच्या झाकणाला सहा भोके आहेत, भोकांत पेल्याएवढ्या कुंड्या बसवल्या आहेत आणि प्रत्येक कुंडीतून एक वात खाली पाण्यात सोडलेली आहे. वातीने पाणी वर चढते, रोप आपल्याला हवे तेवढे पिते, आणि माणसाने काहीही करायचे नाही. ‘तुम्हाला काहीही करायचे नाही’ हे या वस्तूचे मोठेपण म्हणून खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले आहे. तुझ्या घरात, आई. ज्या घरात काहीही न करणारा माणूस, तो तापाने फणफणलेला असल्याशिवाय, तू खपवून घेतला नाहीस, त्या घरात.

ही पेटी तुझ्या नातीने आणली, आणि का आणली ते तुला सांगितले पाहिजे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस विहिरीच्या काठावर शेवाळावरून माझा पाय घसरला. हाड मोडले नाही, पण उठताही येईना. मी आकाशाकडे तोंड करून बराच वेळ पडून होतो. शेवटी मासळीची पाटी घेऊन येणारी बाई नेहमीप्रमाणे मागच्या दारी आली आणि तिने वरून विचारले, “नाना, आसं काय निजलाव? हिकडं थंड लागतं व्हय?” तिने पाटी खाली ठेवली, माझ्या काखेत हात घातला आणि बोंबलाच्या वासासकट मला उभे केले. इथवर सगळे ठीक होते. पण तिने हे माझ्या लेकीला फोनवर सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी लेक पुण्याहून येऊन दारात उभी राहिली.

“बाबा, आता पुरे. सामान भरा.”

“सामान भरायला मी काय पाहुणा आहे?”

“एकटे पडून होतात तुम्ही. ती आली नसती तर?”

“ती रोज येते.”

“आणि ज्या दिवशी होड्याच समुद्रात गेल्या नाहीत, त्या दिवशी?”

कोंडीत सापडलो की माझा आवाज चढतो, हे तुला ठाऊक आहे. मी म्हणालो की मी माडापोफळींच्या वाडीतला माणूस आहे, पाचव्या मजल्यावरच्या बंद खिडक्यांमागे मला ठेवणे म्हणजे पोफळ बाटलीत लावण्यासारखे आहे. मी आणखीही म्हणालो की ज्याने तुझ्या आजीच्या हाताखाली शिंपण केले, तो माणूस काहीही जगवून दाखवील, आणि स्वतःलाही जगवील. लेक माझ्याकडे बघत राहिली. तिची बघण्याची पद्धत तुझी आहे. डोळे बारीक होतात आणि ओठाचा एक कोपरा वर जातो. “काहीही?” तिने विचारले. मी म्हणालो, “काहीही.” दिवाळीला ती ही पेटी घेऊन आली. “ही जगवा. फळ धरेपर्यंत. धरलं तर मी पुण्याचं नाव पुन्हा काढणार नाही. सुकली तर मुकाट्याने गाडीत बसायचं.” अशी अट बापाला घालायची असते का? पण मी ती मान्य केली. न करून काय करणार होतो? हे घर, ही ओटी, पहाटे ऐकू येणारी भरतीची गाज, हे सगळे त्या सहा पेल्यांत लावून ती निघून गेली. जाताना इंटरनेटची तार आत घेतली आणि म्हणाली, “दिव्याची वेळ मी माझ्या मोबाइलवरून लावत जाईन. तुम्ही फक्त टाकी भरा.”

पेटीबरोबर एक माहितीपत्रक होते. त्यावर मराठी म्हणून जे छापले होते, ते वाचून मी पाणी प्यायलो आणि मग लाल शाईचे पेन घेतले. ‘वनस्पती आनंदी ठेवण्यासाठी पाणी तपासले जाणे करा.’ ‘फुले आल्यावर त्यांना हळुवार गुदगुली द्या.’ मी तालुक्याच्या कचेरीत उभे आयुष्य मसुदे लिहिण्यात घालवले. साहेब बदलत, पण शेवटचा हात फिरवायला कागद माझ्याच मेजावर येत. असल्या वाक्यांवर विश्वास ठेवून मी जिवंत रोपाला हात लावायचा? सगळे पत्रक दुरुस्त करून मी कंपनीला टपालाने पाठवले. उत्तर आलेले नाही. येईल असे वाटतही नाही, कारण ज्यांनी ते लिहिले त्यांना दुरुस्ती वाचता येईल कशी?

मासळीवालीने पेटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दिवा लागलेला होता. तिने दारातूनच हात जोडले. “नाना, ह्यो कंचा देव बसवलाव?” मी सांगितले, हा देव नाही, ही शेती आहे. ती पदर तोंडाला लावून हसली. “अगो बाय! भायेर येवढा सूर्य फुकट जलतोय, आन् तुमी घरात दिवा लावून शेती करताव!” मला तिचा राग आला, कारण ती माझेच मत माझ्याआधी बोलली होती.

तरीही मी ठरवले की करायचे तर रीतीने करायचे, आणि रीत मला एकच ठाऊक होती, ती म्हणजे तुझी. अजून डोळे मिटले की मी त्या वाडीत उभा असतो. बैल रहाटाभोवती फिरतो आहे, पोहऱ्यांतून पाणी डोणीत पडते आहे आणि डोणीतून पाटाने वाडीत धावते आहे. तू कासोटा मारून पाटात उभी आहेस. हातात पोफळीच्या झावळीचा रुंद देठ सुपासारखा वाकवून धरलेला, आणि त्याने तू पाणी उडवते आहेस, डावीकडे एक, उजवीकडे एक. मी तुझ्यामागून येतो आहे. शाळेला उशीर होतो आहे म्हणून मी प्रत्येक आळ्यात ओंजळभर पाणी फेकून पुढे सरकतो. तू मागे वळून न बघता बोलतेस. पाण्याच्या आवाजावरूनच तुला कळलेले आहे. “पाणी दाखवून पळतोस काय रे? पाहुणा हाय काय तो माड? पाज त्याला. आळं भरून वर आलं पायजे, मग पाय उचल.” तुझे बोलणे तू बोललीस तसे लिहितो आहे. दुनियेची भाषा दुरुस्त केली, पण तुझ्या वाक्यांना पेन लावायचे नाही असा माझा नियम आहे. शाळेत उशिरा पोचल्याबद्दल मी त्या दिवशी अंगठे धरून उभा राहिलो. घरी येऊन तुला सांगितले, तर तू म्हणालीस, “माड उभा हाय ना? मग तू पण उभा ऱ्हा.”

तर मी पेटीची टाकी तुझ्या विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरली, आणि वाती वगैरे काय करायचे ते करोत, पण वरूनही प्रत्येक पेल्याचे आळे भरून वर येईपर्यंत पाणी पाजले. रोज पाजले. वाडीतल्या माणसाला झाडाच्या मुळाशी स्वतःच्या हाताने पाणी पडल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. बरे, माडाचे रोप रुसले की तू खड्ड्यात राख आणि मूठभर मीठ घालायचीस. मीठ मी घातले नाही, एवढा शहाणपणा मला होता. पण मीठ घालायची गरजच नव्हती, हे मला नंतर कळले. थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपू लागल्या. आधी तपकिरी रेघ, मग ती आत सरकत चालली, आणि एक रोप तर पार मान टाकून बसले. मी पेटीला दोष दिला. दिव्याला दिला. माहितीपत्रक लिहिणाऱ्याला दिला. पुण्याची ती बंद खिडकी मला डोळ्यांसमोर दिसू लागली.

मग एका सकाळी मला तू आठवलीस, शिंपणाआधीची. उन्हाळा लागला की बैल जुंपण्यापूर्वी तू पहिल्या पोहऱ्यातले पाणी ओंजळीत घेऊन जिभेवर फिरवायचीस आणि थुंकायचीस. “मचूळ आलं,” एवढेच बोलायचीस. मचूळ पाणी माडाला चालते, पोफळ कुरकुरत का होईना पिते. पण परसातल्या पानवेलीला ते तू एकदाही घातले नाहीस. तिच्यासाठी देवळाच्या तळ्यातून कळशी कमरेवर घेऊन गोड पाणी आणायचीस. पान तू खातही नव्हतीस, खायचे वडील. पण ते गेल्यावरही तुझी कळशी थांबली नाही. मी टाकीतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले. मचूळ कसले, खारट! पूर्वी आपल्या विहिरीचे पाणी फाल्गुनानंतर बिघडायचे. आता काशीदच्या किनाऱ्याच्या वाटेवर जिकडेतिकडे पर्यटकांची न्हाणीघरे झाली, ज्याने त्याने बोअर मारले, आणि गोड पाणी उपसले जाऊन समुद्र आत सरकला. दिवाळीपासूनच विहीर मचूळ, आणि मी प्यायला नळाचे घेतो म्हणून ते मला कळले नव्हते. आणि या पेटीचे असे की आळ्यातले पाणी जमिनीत मुरते तसे इथे काही मुरत नाही. पाणी उडून जाते आणि मीठ तिथेच साचते. म्हणजे तुझ्या रीतीने भरभरून पाजताना मी त्या कोवळ्या मुळांना रोज समुद्र पाजत होतो. मी टाकी उपसली, वाती धुतल्या, कुंड्यांतून पिण्याचे पाणी सोडून सोडून मीठ काढले आणि वरून पाजणे बंद केले. पाच रोपे वाचली. हे ज्ञान त्या पत्रकात कुठे होते? ‘पाणी आधी चाखून पाहा’ एवढे एक वाक्य लिहायला त्यांना काय झाले होते?

रोपे सावरली, पांढरी फुले आली, आणि मग कळले की घरात मधमाशी नसल्यामुळे तिचेही काम मलाच करायचे आहे. ‘गुदगुली’ ती हीच. नातवाचा रंगकामाचा जुना कुंचला घेऊन मी रोज सकाळी फुलाफुलावरून फिरवू लागलो. कचेरीत माझ्या नावाने लोक चळाचळा कापत असत, आणि आता मी एका पेटीसमोर वाकून फुलांना कुंचला लावतो. मासळीवाली मागून म्हणते, “नाना, पावडर लावताव काय पोरीला? लगीन कधी हाय?”

पण माझा खरा संताप अजून पुढेच आहे. एके दिवशी दुपारी लेकीचा फोन आला. “बाबा, टाकीत पाणी कमी झालंय. आज सकाळी भरलं नाहीत?”

“तुला कोणी सांगितले?”

“पेटीने. माझ्या मोबाइलवर येतं ना. पाणी किती आहे, कधी भरलं, दिवा लागला का, सगळं दिसतं.”

“म्हणजे तू माझ्यावर पाळत ठेवतेस?”

“पाळत काय, बाबा! काळजी म्हणा.”

“दोन्ही शब्दांचे अर्थ मला ठाऊक आहेत.”

“मग बरं झालं. टाकी भरलेली दिसली की मला कळतं, तुम्ही उठलात, चाललात, वाकलात. माझा जीव शांत राहतो. तुम्हालाच रोजच्या फोनचा त्रास व्हायचा ना?”

व्हायचा. हे खरे आहे. पेटी येण्याआधी ती रोज सकाळी फोन करायची. चहा झाला का, गोळी घेतली का, विहिरीवर गेलात का. मी एका शब्दात उत्तरे द्यायचो आणि शेवटी म्हणायचो की मी अजून जिवंत आहे, ठेव. मग पेटी आली आणि फोन विरळ होत गेले. मला वाटले, तिला कामे असतील. कामे नव्हती, आई. तिला माझी खबर मिळत होती. पाण्याची एक निळी रेघ तिला सांगत होती की बाप उभा आहे, आणि तेवढे तिला पुरत होते. मला हे सहन होत नाही. मी उठलो, हे टाकीने सांगायचे? रात्री पाय दुखला, समुद्रावरून वारा फिरला, पोफळीला मोहोर बरा आहे, हे कोणती रेघ सांगणार आहे? मी तिला हे म्हणालो नाही. मी म्हणालो, “बरे,” आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी ओटीवर रागाने बसलो असताना मला गडग्यापलीकडची म्हातारी आठवली. दगडांच्या त्या बांधापलीकडे ती एकटी राहायची, मुलगे मुंबईला. पहाटे तिच्या विहिरीवरचा हातरहाट करकरायचा आणि तू चुलीपुढे भाकरी थापत असलीस तरी तुझा एक कान तिकडे असायचा. करकर ऐकू आली की तू दुसरी भाकरी थापायला घ्यायचीस. नाही आली की म्हणायचीस, “रहाट वाजला नाय. जा, बघून ये.” मी धावत जायचो. ती पायरीवर बसलेली असायची आणि मला पाहून ओरडायची, “आला काय यमाचा कारकून! जा, सांग आयशीला तुझ्या, मेले नाय अजून!” पुढे मी खरोखरच कारकून झालो, तेवढे तिचे खरे ठरले. पण कधीकधी मी जायचो तेव्हा ती केस विंचरून, धुतलेले लुगडे नेसून बसलेली असायची, आतले हंडे आदल्या दिवशीच भरलेले असायचे आणि माझ्यासाठी भाजलेल्या काजूबिया पदरात काढून ठेवलेल्या असायच्या. एकदा मी तणतणत परत आलो. “ती लबाड आहे! तिला काही झालेले नाही. हंडे भरलेले आहेत. मुद्दाम रहाट फिरवत नाही!” मला वाटले, तू चिडशील. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. “माहीत हाय मला.” मी विचारले, मग मला कशाला पळवतेस? तू वाटीत कोळंबीचे कालवण ओतलेस आणि ती माझ्या हातात दिलीस. “काही माणसांना हाक मारता येत नाय. जा, गरम हाय तवर दे.”

तर आता सांगायचे ते सांगतो. एक स्ट्रॉबेरी पिकली आहे. अंगठ्याच्या पेराएवढी, थोडी वाकडी, पण नखशिखांत लाल. दुसऱ्या दोन पांढरट आहेत, वाटेवर आहेत. म्हणजे पैज मी जिंकलो. हे घर माझे राहिले आणि पुण्याचे नाव आता निघायचे नाही. पण हे तुझ्या नातीला ठाऊक नाही, कारण पेटीला पाणी कळते, फळ कळत नाही. मी ते आपण होऊन सांगणार नाही. अट तिने घातली, चौकशी तिने करावी; कचेरीचाही नियम तोच होता. ते फळ मी तोडलेलेही नाही. मासळीवाली म्हणाली, “खावा ना नाना, कोनाची वाट बघताव?” मी तिला म्हणालो, तू आपले बोंबील मोज.

हे पत्र टपालात टाकण्याजोगे नाही. त्या पेटीचा एक पाय फरशीवर नीट टेकत नाही, त्यामुळे पाणी एका बाजूला कलते. कागदाच्या चार घड्या करून त्याखाली सारीन. तेवढा उपयोग होईल.

आणखी एक. आज सकाळी टाकीचे पाणी तळाला गेलेले मी पाहिले. रोपांची काळजी करू नकोस. प्रत्येक कुंडीत बोट घालून पाहिले आहे, ओल भरपूर आहे. गोड पाण्याचा तांब्याही भरून पेटीशेजारीच ठेवला आहे. दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि फोन समोर घेऊन बसलो आहे. तांब्या मी अजून ओतलेला नाही.